हरिलालची आई, नातवंडांची बा

गोंदियाहून वर्ध्याकडे गेलं की सेवाग्राम काही लांब नाही. आपल्याकडचे लोक जातात, बापूकुटी पाहतात, फोटो काढतात आणि परतीची गाडी पकडतात. आम्हीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. तिथेच असलेली बा कुटी बाहेरूनच बघितली. आश्रमाच्या पहिल्या घरात सगळे एकत्र राहत, बायकांना आडोसा म्हणून नव्हता, तेव्हा जमनालाल बजाजांनी ती कुटी कस्तुरबांसाठी बांधून दिली.

22 फेब्रुवारीला कस्तुरबांची पुण्यतिथी असते. गांधीजींची पत्नी यापलीकडे त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. आम्हाला मात्र त्यांची आठवण काढताना दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण दोन्ही गोष्टी मुस्लिम समाजाशी जोडलेल्या आहेत. एक आपल्याला आवडेल अशी आहे, दुसरी तेवढी नाही.

कस्तुरबा पोरबंदरच्या. 1869 चा जन्म, वडील गोकुळदास माकनजी व्यापारी. लग्न झालं तेव्हा वय तेरा-चौदा. पहिलं मूल जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. मग हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास अशी चार मुलं झाली. नवऱ्यामागे त्या दक्षिण आफ्रिकेत गेल्या.

तिथली 1913 सालची गोष्ट. हसन इसप नावाच्या भारतीय मुसलमानाची पत्नी बाई मरियम आफ्रिकेत आली, तर तिला उतरू दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, आणि त्याचा अर्थ असा निघाला की ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं तिथल्या कायद्याने लग्नंच नाहीत. म्हणजे निकाह झालेली मरियम बायको नाही, तशी सात फेरे घेतलेली कस्तुरबाही नाही. हे कळल्यावर फिनिक्स आश्रमातल्या बायका उठल्या. परवान्याशिवाय सीमा ओलांडली म्हणून कस्तुरबांना तीन महिने सक्तमजुरी झाली. तेव्हा त्या 44 वर्षांच्या होत्या. सुटून आल्या त्या हाडांचा सापळा होऊन. एका मुस्लिम बाईच्या निकाहचा मान जिथे नाकारला गेला, तिथून हा तुरुंगवास सुरू झाला होता.

आता दुसरी गोष्ट. थोरला हरिलाल आफ्रिकेत वडिलांच्या लढ्यात वारंवार जेलमध्ये गेलेला, लोक त्याला छोटे गांधी म्हणायचे. त्याला शिकायचं होतं, विलायतेला जायचं होतं. ते झालं नाही आणि बापलेकात फाटलं ते फाटलंच. 1918 च्या तापाच्या साथीत त्याची बायको गुलाब गेली आणि पोरं उघडी पडली. हरिलाल दारूकडे वळला. मग रामी, कांती, रसिक, मनू या नातवंडांना पोटाशी कोणी धरलं? आजीनेच. पन्नाशीला आलेल्या बाईने पुन्हा न्हाऊ-माखू घालण्यापासून सुरुवात केली. यातला रसिक पुढे दिल्लीला जामिया मिल्लियात होता आणि 1929 मध्ये तिथेच ऐन तारुण्यात वारला. आजीला तो घावही सोसावा लागला.

एप्रिल 1936 मध्ये हरिलाल नागपुरात आईवडिलांना भेटून गेला. वेगवेगळ्या धर्मांचे प्रचारक आपल्यामागे कसे लागलेत हे तो हसत सांगत होता. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या जुम्मा मशिदीत त्याने इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर झालं. नाव अब्दुल्ला. सत्कार झाले, मिरवलं गेलं. दारू मात्र सुटली नाही. मद्रासमध्ये रस्त्यावर नशेत सापडला आणि पोलिसांनी पकडलं.

तेव्हा कस्तुरबांनी मुलाला आणि मुसलमानांनाही उघड पत्र लिहिलं. ज्यांनी पोराला डोक्यावर घेतलं आणि मौलवीसुद्धा म्हटलं, त्यांना त्यांनी विचारलं की यात त्याचं भलं कुठे आहे. त्याला सुधारायचं आहे, की त्याच्या बापाला खाली पाहायला लावायचं आहे? आम्हाला वाटतं, त्या माऊलीचं काही चुकलं नव्हतं. ज्या दीनमध्ये शराब हराम आहे, त्या दीनच्या नावाने एका पिणाऱ्या, मोडलेल्या माणसाला स्टेजवर चढवणं ही दावत नव्हे. त्याला आधी सावरायला हवं होतं. काही महिन्यांतच तो आर्य समाजात परतला. मग तिकडच्यांनी मिरवलं. तेही तसेच.

एकदा कटनी स्टेशनवर (आपल्याकडून जबलपूरमार्गे लागतं तेच) गांधीजींच्या गाडीपाशी गर्दीतून एकट्या कस्तुरबांचा जयजयकार ऐकू आला. फाटके कपडे, दात पडलेले, हरिलाल उभा. खिशातून एक संत्रं काढून त्याने ते आईला दिलं. बापूंना नाही. तिने एकटीनेच खावं असं बजावलं. आई रडत त्याला गाडीत बोलवत राहिली. आता ते शक्य नाही, म्हणाला. गाडी सुटल्यावर तिच्या लक्षात आलं की पोराला काही विचारलंच नाही, टोपलीत फळं होती ती तरी द्यायची. तोवर फलाट मागे पडला होता.

9 ऑगस्ट 1942 ला बापूंना अटक झाली. शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्या जागी बोलायला कस्तुरबा निघाल्या आणि त्यांनाही पकडलं. पुण्यात आगाखान महालात ठेवलं. तिसऱ्या सुलतान महंमद शाह आगाखानांनी दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलेला हा महाल त्यांचा शेवटचा तुरुंग ठरला. शेवटच्या आजारात त्यांनी हरिलालला पाहायचा ध्यास घेतला. तो एकदा आला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. पुन्हा आला तो पिऊन. त्यांनी कपाळ बडवून घेतलं, त्याला बाहेर न्यावं लागलं.

22 फेब्रुवारी 1944 ला संध्याकाळी बापूंच्या मांडीवर त्यांनी प्राण सोडला. बापूंनी कातलेल्या सुताची साडी नेसवली आणि देवदासने अग्नी दिला. चार वर्षांनी, जून 1948 मध्ये, हरिलाल मुंबईच्या एका क्षयरोग रुग्णालयात वारला.