इंग्रजांची मोठी जहाजं कान्होजी आंग्रेंच्या गुराबांपुढे हतबल का व्हायची?

दक्षिण मुंबईच्या फोर्टमधला नौदलाचा तळ आज 'आयएनएस आंग्रे' म्हणून ओळखला जातो. गंमत म्हणजे ३०० वर्षांपूर्वी याच फोर्टमधले इंग्रज आंग्रे हे नाव ऐकून धास्तावायचे.

१६९८ च्या सुमारास मराठा आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. १७१३ मध्ये ते छत्रपती शाहूंच्या बाजूला आले आणि सरखेलपद त्यांच्याकडेच राहिलं.

इंग्रजांची जहाजं मोठी, तोफाही जास्त. पण बहुतेक तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींना असायच्या. पिछाडी कच्ची. कान्होजींच्या गुराबा नेमक्या तिथेच घुसायच्या.

गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती आणि बाहेर आलेली असायची. तिच्यावरून दोन तोफा थेट समोर डागता यायच्या. तळ उथळ असल्यानं किनाऱ्यालगतच्या कमी पाण्यातही गुराब चालायची.

तोटा एकच. समोरून लाटा आल्या की गुराब जोरात वरखाली व्हायची आणि पाणी नाळेवर चढायचं. म्हणून नाळेच्या कडा उघड्या ठेवायचे. आलेलं पाणी तसंच वाहून जायचं.

वारा पडला की इंग्रजांची जहाजं जागीच अडकायची. तेव्हा ४०-५० वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायची.

१७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बूनच्या काळात इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला. फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले. तोही फसला.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. तोवर इंग्रजांना ना खांदेरी घेता आली, ना कुलाबा.