डेबूजींचा निर्धार

संत गाडगे महाराजांचे मूळ नाव डेबूजी. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्या काळी देवकार्याच्या पंगतीतही दारू वाढण्याची रूढी होती. डेबूजींचे वडील झिंगराजी याच मार्गाने व्यसनाधीन झाले. संसाराची धूळधाण झाली, शरीर खंगले आणि १८८४ साली त्यांचा अंत झाला. आठ वर्षांच्या पोरक्या डेबूला घेऊन आई सखुबाई दापुरे येथे माहेरी गेली. तेथे गुरे राखीत व शेतात राबत डेबू मोठा झाला.

यथाकाल डेबूजींचा विवाह झाला व त्यांना कन्या झाली. बारशाला मद्यमांसाचे जेवण द्यावे, अशी जातीची रीत होती. रीत मोडणाऱ्यावर भाऊबंदांचा रोष होई. परंतु ज्या पंगतीने आपला बाप नेला, ती आपल्या दारी बसवायची नाही, असा निर्धार डेबूजींनी केला. त्यांनी पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. मंडळी कुरकुरली, डेबूजी मात्र ढळले नाहीत.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती काठी व मातीचे गाडगे, अशा वेषात ते गावोगाव हिंडले. दिवसा ते हाती खराटा घेऊन गाव झाडीत. रात्री कीर्तनातून व्यसने सोडण्याचा व मुलांना शाळेत घालण्याचा उपदेश करीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक त्यांचे देहावसान झाले.

आज मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे आप्त तेथे उतरतात. तंबाखू, गुटखा व विडी ही मुखाच्या कर्करोगाची प्रमुख कारणे होत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही तंबाखूची पहिली चिमूट बहुधा एखादा मित्रच आग्रहाने पुढे करतो. स्नेह राखावा, पण चिमूट नाकारावी. आप्तांनी भरलेल्या मांडवात डेबूजींनी हेच केले होते.