दिव्यातला अंधार शोधणारा

मुरबाडला आमच्या घरी बल्ब जुना झाला की काळवंडायचा. आई ओल्या फडक्याने पुसायची. पण काळेपणा काचेच्या आतून असल्याने तो जात नसे. या काळेपणाने एका माणसाचे आयुष्य कसे घडवले, हे पुढे वाचनात आले, तेव्हापासून आयर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाविषयी मला जिव्हाळा वाटतो.

त्याचा जन्म ३१ जानेवारी १८८१ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमधला. त्याची दृष्टी अधू आहे, हे अकराव्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षातही आले नाही. पुढे जर्मनीत गॉटिंगेनला त्याने १९०६ साली डॉक्टरेट मिळवली. मायदेशी परतून शिकवू लागला, पण संशोधनाला उसंत मिळेना. १९०९ च्या उन्हाळी सुटीत तो स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पाहुण्यासारखा गेला आणि १९५० पर्यंत तिथेच रमला.

बल्बमधली हवा पुरती काढली जात नाही म्हणून काच काळी पडते, असा तिथे समज होता. लँगम्यूरने उलटेच केले. बल्बमध्ये निरनिराळे वायू मुद्दाम सोडून काय घडते ते तो पाहत बसला. संचालक व्हिटनी यांनी त्याला ही मोकळीक दिली, हे विशेष. अखेर उलगडा झाला. तापलेल्या तारेतील टंगस्टनचीच वाफ होऊन काचेवर बसत होती! मग निर्वात बल्बऐवजी नायट्रोजन, पुढे अरगॉन भरलेला, वेटोळ्या तारेचा बल्ब आला. साल होते १९१३.

या निरीक्षणातूनच त्याला मोठे घबाड सापडले. धातूच्या पृष्ठभागावर वायूचा थर अनेकदा केवळ एका अणूच्या किंवा रेणूच्या जाडीचा बसतो. जागा भरल्या की पुढच्यांना तशी घट्ट पकड मिळत नाही. आपल्या पितळी पातेल्यावरची कल्हई आपल्याला पातळ वाटते. तिच्यात मात्र अणूंचे हजारो थर असतात. टंगस्टनवर थोरियमचा एका अणूचा थर चढला, तर तापलेल्या तारेतून हजारो पटींनी अधिक इलेक्ट्रॉन सुटतात. रेडिओच्या व्हॉल्व्हना याचा फार उपयोग झाला. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगाचेही रहस्य त्याने उकलले. सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी असे थर एकावर एक चढवून १९३८ साली चकाकी न मारणारी काच बनवली. लँगम्यूरला १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

उतारवयात मात्र त्याला ढगांनी भुरळ घातली. १९४६ साली सहकारी शेफर यांनी विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला आणि हिमकण पडले. मग दूरदूरच्या पावसातही लँगम्यूरला आपलाच हात दिसू लागला. हवामानतज्ज्ञांना ते पटले नाही. गंमत अशी, की शास्त्रज्ञ स्वतःलाच कसे फसवतात, यावर १९५३ साली त्यानेच व्याख्यान दिले होते! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. महाराष्ट्रानेही २००३ साली कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. पावसाळ्यात चिंब भिजून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना ही आशा किती मोहक वाटेल, हे मी समजू शकतो. म्हणूनच ती काटेकोर पारखून घ्यायला हवी.

१६ ऑगस्ट १९५७ रोजी तो गेला. त्यानंतर बावन्न वर्षांनी, २००९ साली, संशोधकांनी तांब्याच्या पत्र्यावर सुमारे हजार अंश तापमानाला मिथेन वायू सोडून ग्राफीन वाढवले. हा कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही. पृष्ठभाग झाकला गेला की वाढ बहुतांशी आपोआप थांबते. एकेरी थराचे जे जग लँगम्यूरने दाखवले, त्यातच आजचे संशोधक नांगर धरून उभे आहेत. उपयोग काय, असे आधी न विचारता एका जिज्ञासू माणसाला मोकळे सोडले, त्याचे हे पीक आहे.