धानाच्या वाणांचे राखणदार डॉ. रिछारिया

भिलाईच्या पोलाद वसाहतीतील सेक्टर 10 पासून रायपूर साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. ही दोन्ही शहरे ज्या छत्तीसगडमध्ये वसली आहेत, त्याला धानाचे कोठार म्हणतात. या कोठारात नेमके काय आहे, याची मोजदाद ख्यातनाम भातशास्त्रज्ञ डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी केली.

1909 मध्ये जन्मलेल्या रिछारिया यांनी केंब्रिज विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. 1959 मध्ये ते कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. परदेशी बुटक्या वाणांचे बियाणे पुरेशा रोगतपासणीविना आणण्यास त्यांनी विरोध केला. पुढे त्यांना पद सोडावे लागले आणि न्यायालयात दाद मागावी लागली.

1971 मध्ये त्यांनी रायपूर येथील मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेची धुरा स्वीकारली. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होता. अत्यल्प मनुष्यबळानिशी त्यांनी सुमारे पाच वर्षांत 17 हजारांहून अधिक नमुने गोळा केले. भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार या जमिनींपैकी कोणत्या जमिनीत कोणते वाण तग धरते, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रिछारिया यांनी या ज्ञानाला संशोधनाचा आधार मानले. सर्वच स्थानिक वाण भरघोस पिकणारे नव्हते, हेही नमूद करावयास हवे. परंतु अधिक उत्पादन देणारी वाणेही त्यांतच आढळली.

त्याच सुमारास, 1974 मध्ये, राज्याच्या चंबळ भागात जागतिक बँकेच्या साहाय्याने कृषी विस्ताराची प्रशिक्षण आणि भेट पद्धती सुरू झाली. विस्तार कार्यकर्त्याने ठरलेल्या दिवशी गावात जाऊन शिफारशी पोहोचवाव्यात, अशी ही व्यवस्था होती. तिला शिस्त होती, पण ज्ञानाचा ओघ मुख्यतः वरून खाली होता. रिछारिया यांची दिशा वेगळी होती. भात पिकविणाऱ्या प्रत्येक भागात संशोधन केंद्र असावे, तेथेच स्थानिक वाणांची निवड आणि प्रसार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. रोपाचे फुटवे वेगळे करून पुन्हा लावण्याची त्यांची पद्धत तर कोणत्याही शेतकऱ्याला करता येण्याजोगी होती.

1976 च्या सुमारास संस्था बंद झाली आणि संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. रिछारिया यांचे 1996 मध्ये निधन झाले. 2002 मध्ये सिंजेंटा कंपनी आणि रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ यांच्यातील प्रस्तावित करारामुळे हा संग्रह चर्चेत आला. शेतकरी संघटनांच्या विरोधानंतर कंपनीने माघार घेतली.