सतरावें कलम : हबसाणचा सम्राट् मेनेलिक

आमच्या वाचकवर्गांत व्यापारी मंडळींचा भरणा मोठा आहे, म्हणून एका परदेशीय राजाचें हें चरित्र त्याच्या जन्मापासून न सांगतां एका दस्तऐवजापासून सांगण्यास आम्ही आरंभ करितों. २ मे १८८९ रोजीं हबसाण देशांत वुचाले या ठिकाणीं इटलीचा वकील काउंट अँतोनेली आणि नुकताच बादशहा म्हणून पुढें आलेला मेनेलिक यांजमध्यें तह झाला. तहाच्या दोन प्रती होत्या, एक तेथील अम्हारी भाषेंत व दुसरी इटालियन भाषेंत. त्यांतील सतराव्या कलमांत अम्हारी प्रतीप्रमाणें बादशहास परराष्ट्रांशीं व्यवहार करितांना इटली सरकारचें साहाय्य घेतां येईल असें होतें. इटालियन प्रतीप्रमाणें तें साहाय्य घेण्याचें त्यानें कबूल केलें होतें. घेतां येईल आणि घ्यावें लागेल, एवढाच काय तो भेद! परंतु या एका क्रियापदाच्या आधारावर इटलीनें त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत युरोपांतील सर्व राष्ट्रांस कळविलें कीं, हबसाण हें यापुढें आमच्या संरक्षणाखालील संस्थान होय. ज्यास न समजणाऱ्या भाषेंतील खतावर सही करून आपलें शेत गमावलेला अशील ठाऊक आहे, अशा कोणाही वकिलास हा प्रकार नवा वाटणार नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, या अशिलानें शेत गमावलें नाहीं.

हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया. ज्या भूमींतून मलिक अंबर दक्षिणेंत आला व निजामशाहीचा आधारस्तंभ झाला, ती ही भूमि; तेव्हां महाराष्ट्रास ती अगदींच परकी नव्हे. तेथें शोआ नांवाच्या प्रांतीं राजकुळांत १८४४ सालीं मेनेलिकाचा जन्म झाला. तो अकरा वर्षांचा असतां सम्राट् थिओडोर यानें शोआ जिंकलें, त्याच धामधुमींत बाप वारला, आणि मुलास कैदी म्हणून मक्दाला या डोंगरी किल्ल्यावर नेण्यांत आलें. थिओडोर हा शीघ्रकोपी खरा, पण मोठा कर्तबगार पुरुष होता. विस्कळित सरदारांचें एक राष्ट्र व्हावें आणि त्याच्या तोफा त्याच्याच देशांत ओतल्या जाव्या, हा त्याचा ध्यास होता. कैदी मुलास त्यानें पुत्राप्रमाणें वागविलें, आपली मुलगीहि त्यास दिली. तथापि १८६५ सालीं मेनेलिक किल्ल्यावरून निसटला व शोआच्या गादीवर बसला. पुढें तीनच वर्षांनीं, इंग्रज वकिलांस थिओडोरानें अडकवून ठेविलें या कारणावरून, मुंबई सैन्याचा सेनापति सर रॉबर्ट नेपियर हा हिंदुस्थानांतून मोठी फौज घेऊन हबसाणांत उतरला. तोफा वाहून नेण्याकरितां चव्वेचाळीस हत्तीही त्यानें येथूनच नेले होते. १३ एप्रिल १८६८ रोजीं मक्दाला पडला व थिओडोरानें स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलें. आपलेंच पूर्वीचें कारागृह जळत असतां मेनेलिक दूर शोआंत स्वस्थ राहिला. या घटनेंतून तो काय शिकला हें त्याच्या पुढील वर्तनावरून दिसतें. युरोपियन राष्ट्रास अकारण डिवचावयाचें नाहीं, आणि त्याच्या बंदुका मात्र मिळतील तितक्या विकत घ्यावयाच्या.

मध्यंतरींचीं वीस वर्षें थोडक्यांत सांगितलीं तरी चालतील. थिओडोरामागून उत्तरेचा योहानिस सम्राट् झाला. त्यानें इजिप्तच्या फौजा १८७५ व १८७६ या दोन वर्षीं लागोपाठ बुडविल्या. मेनेलिकानें १८७८ सालीं त्याचें सार्वभौमत्व मान्य केलें व आपण दक्षिणेकडे हातपाय पसरले. १८८६ त अदिस अबाबा या नव्या राजधानीचा पाया पडला, १८८७ त हरार हें व्यापारी शहर हातीं आलें. मार्च १८८९ मध्यें मेतेम्मा येथें सुदानी दरवेशांशीं लढतांना योहानिस पडला आणि मेनेलिकानें सम्राट्पद धारण केलें. वुचालेचा तह याच्या पाठोपाठचा.

या वेळीं देशाची स्थिति काय होती हें लक्षांत घेतल्याशिवाय पुढील लढ्याचें मोल कळणार नाहीं. १८८८ पासून सुमारें चार वर्षें हबसाणांत असा दुष्काळ पडला कीं तसा त्या देशानें कधीं पाहिला नव्हता. त्याचें मूळ गुरांच्या बुळकांड्या रोगांत होतें. इटालियनांनीं मसावा बंदरीं आणविलेल्या गुरांबरोबर हा रोग आला, आणि तीं गुरें हिंदुस्थानांतील होतीं असें सांगतात. दहांपैकीं नऊ गुरें मेलीं. बैल नाहीं म्हणून नांगर नाहीं, नांगर नाहीं म्हणून पीक नाहीं. त्यांत टोळांची धाड. नांगराचा शेतकरी कुदळीस हात लावण्यास लाजत होता, तेव्हां खुद्द बादशहानें कुदळ हातीं घेऊन जमीन खणण्यास आरंभ केला. आमच्याकडे हलक्याभारी कामाची विटाळचर्चा करणाऱ्यांनीं हा प्रसंग अवश्य ध्यानांत ठेवावा.

अशा अवस्थेंत मेनेलिकानें युरोपांतील राजांस आपल्या राज्यारोहणाचीं पत्रें धाडलीं, आणि व्हिक्टोरिया राणीकडून उत्तर आलें तें असें कीं, आपला पत्रव्यवहार इटलीमार्फत व्हावा. तेव्हां कोठें सतराव्या कलमाचा अर्थ उघड झाला. बादशहानें लागलीच तरवार उपसली नाहीं. त्यानें आधीं प्रत मिळवून पाहिली, अँतोनेलीशीं शब्दाशब्दावर वाद केला. राणी तायतू हिनें तर या वादांत दरबारच्या मुत्सद्द्यांपेक्षां अधिक करारीपणा दाखविला. इटलीचें कर्ज फेडण्यांत आलें. फ्रान्स, रशिया, आणि खुद्द इटली, जेथून मिळतील तेथून बंदुका व काडतुसें आलीं. मग १८९३ च्या फेब्रुवारींत तह रद्द केल्याचें सर्व राष्ट्रांस रीतसर कळविण्यांत आलें. प्रथम हिशेब चुकता, नंतर नोटीस, आणि फिर्याद सर्वांच्या शेवटीं. हा क्रम आम्हांस फार आवडतो.

१७ सप्टेंबर १८९५ रोजीं मेनेलिकानें लष्करभरतीचा जाहीरनामा काढला. सुमारें एक लाख माणूस गोळा झालें. या फौजेस युरोपियन तऱ्हेचें भांडारखातें नव्हतें. प्रत्येक शिपायानें आपला शिधा, आपलें खेचर, आणि रांधणारें माणूस बरोबर आणावयाचें. हरारचा मकोनेन, वोल्लोचा मिकाएल, गोज्जामचा तेकले हैमानोत, तिग्रेचा मंगेशा व वृद्ध अलुला हे सरदार यापूर्वीं एकमेकांवर वा बादशहावर शस्त्र धरून उठलेले होते. तेच आतां एका निशाणाखालीं आले. डिसेंबरांत अंबा अलागी येथें मकोनेननें मेजर तोसेलीची तुकडी कापून काढली. मेकेले येथील किल्ल्याचें पाणी तोडण्याची मसलत राणी तायतूची. किल्ला खालीं झाला, आणि मेनेलिकानें शिबंदीस जिवंत जाऊं दिलें.

फेब्रुवारी १८९६ अखेर दोन्ही छावण्यांत अन्न संपत आलें होतें. इटालियन सेनापति बारातिएरी आणखी कांहीं दिवस थांबता, तर मेनेलिकास परतावें लागलें असतें. परंतु रोमहून प्रधान क्रिस्पी याच्या टोमण्यांच्या तारा येत होत्या. निदान अब्रूसाठीं तरी कांहीं करा, हा त्यांचा रोंख होता. २९ फेब्रुवारीच्या रात्रीं सुमारें १७,००० लोक व ५६ तोफा घेऊन बारातिएरी अदोवाच्या डोंगरांत शिरला. नकाशे सदोष, मार्ग अपरिचित. जनरल आल्बेर्तोने भलतीच टेकडी नेमलेली समजून आपल्या ब्रिगेडसह कित्येक मैल पुढें गेला आणि १ मार्चच्या पहाटें एकटाच सबंध हबशी सैन्याच्या तोंडीं सांपडला. मग एकेक ब्रिगेड वेगळी गांठून मोडण्यांत आली. दोन प्रहरनंतर लढाई उरली नाहीं, पळ उरला. इटलीच्या बाजूचे सुमारें सहा हजार लोक ठार झाले. आरिमोंदी व दाबोर्मिदा हे दोन जनरल पडले, आल्बेर्तोने कैद झाला. हबशांचीहि हानि हजारांनीं झाली. क्रिस्पीचें प्रधानमंडळ दहा दिवसांच्या आंत कोसळलें, आणि २६ ऑक्टोबर १८९६ च्या तहानें वुचालेचा करार रद्द होऊन हबसाणचें पूर्ण स्वातंत्र्य इटलीनें लेखी मान्य केलें. हा तह लिहितांना भाषांतराविषयीं मेनेलिकानें किती काळजी घेतली असेल हें सांगावयास नको.

येथवर स्तुति करून थांबणें कोणाही चरित्रकारास सोयीचें आहे. आम्हांस तसें करवत नाहीं. इटलीच्या बाजूनें लढलेले जे सुमारें आठशें देशी शिपाई हातीं लागले, त्यांचा उजवा हात व डावा पाय तोडण्यांत आला. गोऱ्या कैद्यांस मात्र सन्मानानें वागविलें. स्वकीयांस एक न्याय व परकीयांस दुसरा, हा दोष आमच्या परिचयाचा आहे. दक्षिणेंत वोलायता १८९४ त व काफा १८९७ त जिंकतांना जो रक्तपात झाला तो इटलीशीं झालेल्या लढाईहून कमी नव्हता. ओरोमो आदि लोकांच्या जमिनी सरदारांस व शिपायांस वांटण्यांत आल्या व मूळ मालक त्यांचे वेठकरी झाले. गुलामांचा व्यापार बंद करण्याचीं फर्मानें निघालीं खरीं, पण व्यापार बंद झाला नाहीं. ज्या बंदुकांनीं अदोवा राखलें, त्याच बंदुका काफाच्या राजावरहि चालल्या.

उलटपक्षीं, विजयानंतर तो स्वस्थ बसला नाहीं, हेंहि खरें. आपलें नाणें व टपालाचीं तिकिटें त्यानें लढाईपूर्वींच काढलीं होतीं. जिबुती बंदराहून निघालेली आगगाडी १९०२ त दिरे दावास पोंचली, १९०५ त पेढी, १९०७ त खात्यांवर मंत्री, १९०८ त राजधानींत नव्या पद्धतीची शाळा. मात्र पेढीचें भांडवल परक्यांचें आणि रेल्वेहि परक्यांची. तरवारीनें राखलेलें तिजोरीच्या वाटेनें जाऊं पाहत होतें, आणि ही गोष्ट त्यास कळतहि होती.

शेवटचीं वर्षें करुण गेलीं. अर्धांगाचे झटके येऊन वाचा बंद झाली, कारभार तायतूच्या हातीं आला, व सरदारांनीं तिला १९१० त दूर केलें. १२ डिसेंबर १९१३ रोजीं मेनेलिक वारला; गादीचा तंटा माजेल या भीतीनें मृत्यूची बातमी लोकांपासून बराच काळ लपविण्यांत आली.

इटली अदोवा विसरली नव्हती. १९३५ त ती विमानें व विषारी वायु घेऊन परत आली, आणि पुढील मे महिन्यांत अदिस अबाबा पडलें. पांच वर्षांनीं तिची तेथून हकालपट्टी झाली. तिच्यासाठीं मार्च १९४१ मध्यें एरित्रियांतील केरेनच्या डोंगरांवर जी घनघोर लढाई झाली, तींत हिंदी सैन्याच्या दोन डिव्हिजन होत्या व त्यांत मराठा पायदळाचीहि पलटण होती. तेथें पडलेल्या हिंदु व शीख शिपायांचें दहनस्मारक केरेनलाच आहे.