शांतारामांचे स्वातंत्र्य

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना कोल्हापूर आणि पुणे यांची नावे ओघानेच येतात. आटपाडीचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतो. माणदेशातील हा अवर्षणग्रस्त मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दीत, १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने तेथे स्वतंत्रपूर ही बंदिवानांची वसाहत निघाली. तिला तट नव्हता. कैद्याने शेती करावी आणि पळून जाऊ नये, एवढाच करार! याच माणदेशातले माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी त्या प्रयोगावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा 'दो आँखें बारह हाथ' केला. शांतारामांच्या आयुष्याचे मर्म आम्हांस याच चित्रपटात सापडते.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत ते कलेची अंगे शिकले. पुढे १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' काढली. १९३३ साली ती पुण्यास आली. 'कुंकू' आणि 'माणूस' हे चित्रपट तेथलेच. त्यांतील संयम एकट्या दिग्दर्शकाचा नव्हता. शेजारी तोलामोलाचे भागीदार बसलेले असत व नको तेथे ते नको म्हणत.

१९४२ साली शांताराम बाहेर पडले. मतभेदांची उजळणी येथे नको. दोष एकाच बाजूचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. चाळिशीच्या, कीर्तिमान माणसाने जमलेला संसार मोडून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे, हे धाडस खरेच. मुंबईस परळ येथील वाडिया मूव्हीटोनच्या वास्तूत त्यांनी 'राजकमल कलामंदिर' स्थापिले. नाव पिता राजाराम आणि माता कमला यांच्यावरून. पहिलाच चित्रपट 'शकुंतला' (१९४३) मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात १०४ आठवडे चालला.

आता मात्र मालक तेच, दिग्दर्शक तेच आणि पुष्कळदा नायकही तेच. नको म्हणणारे कोणी उरले नाही. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मधील रंगांची उधळण लोकांना आवडली. आम्हांस मात्र तीत 'प्रभात'च्या हाताची आठवण येऊन चुकल्यासारखे वाटते.

त्यानंतर एकाएकी हा काळा-पांढरा, मोजक्या पात्रांचा चित्रपट! सहा खुनी कैदी आणि एक तुरुंगाधिकारी. बहुतेक सारे उघड्या माळावर. भपका करण्यास त्यांना कोणी मनाई केली नव्हती. वसाहतीतल्या कैद्याप्रमाणे त्यांनी स्वतःच स्वतःस आवरले. अधिकाऱ्याची भूमिका त्यांनीच केली, आणि बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात डोळ्यास इजा होऊन काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून राहिले. चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल.

त्या अंधारातच त्यांना पुढच्या चित्रपटाचे रंग दिसले, असे सांगतात. 'नवरंग' १९५९ साली आला, 'पिंजरा' १९७२ साली. ३० ऑक्टोबर १९९० रोजी शांताराम निवर्तले. 'पिंजरा'ची लोकप्रियता मान्य करूनही, माळावरचा तो संयम त्यांच्या हातून पुन्हा तितका घडला, असे आम्हांस वाटत नाही.