टोपी आणि दुखरी धमनी

सर जोनाथन हचिन्सन हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित असते ते जन्मजात उपदंशात दिसणाऱ्या खाचदार दातांमुळे. वृद्धांच्या रक्तवाहिन्यांना जडणाऱ्या एका गंभीर विकाराचे आधुनिक वैद्यकातील पहिले स्पष्ट वर्णनही त्यांचेच आहे.

२३ जुलै १८२८ रोजी यॉर्कशायरमधील सेल्बी येथे क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात जेम्स पॅजेट यांच्या हाताखाली ते घडले. शल्यक्रिया, नेत्ररोग, त्वचारोग अशा अनेक शाखांत त्यांनी अधिकार मिळवला. १८८९ मध्ये ते रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्ष झाले.

१८९० मध्ये त्यांनी एका वृद्ध रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. डोक्यावरील लाल, दुखऱ्या रेषांमुळे या गृहस्थांना टोपी घालणे अशक्य झाले होते. तपासणीअंती त्या रेषा म्हणजे दोन्ही कानशिलांवरील सुजलेल्या धमन्या असल्याचे हचिन्सन यांना आढळले. कालांतराने त्यांतील स्पंदनही थांबले. अशा दाहातून क्वचित गँगरीन उद्भवते, हेही त्यांनी नोंदवले.

या नोंदीकडे चार दशके जवळपास कोणाचेच लक्ष गेले नाही. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी या विकाराचे नव्याने वर्णन केले. पुढे तो ‘जायंट सेल आर्टरायटिस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. डोळ्यांचा रक्तपुरवठा तुटून कायमचे अंधत्व येणे, हा त्यातील मोठा धोका. हचिन्सन स्वतः मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयात शल्यविशारद होते. तरीही हा धोका उमगला तो त्यांच्या पश्चात. टाळूच्या त्वचेचे वा जिभेचे गँगरीन ही आजही दुर्मीळ, पण ज्ञात गुंतागुंत आहे.

त्यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. कुष्ठरोग नासके मासे खाल्ल्याने होतो, हे मत त्यांनी जंतूचा शोध लागल्यानंतरही सोडले नाही. त्यासाठी त्यांनी भारताचाही दौरा केला होता. १९०८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २३ जून १९१३ रोजी हॅसलमिअर येथे त्यांचे निधन झाले.

आज स्टिरॉइड औषधे वेळेवर मिळाल्यास बहुतेक रुग्णांची दृष्टी वाचवता येते. गेलेली दृष्टी मात्र सहसा परतत नाही. त्यामुळे पन्नाशीनंतर प्रथमच जाणवणारी डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारी टाळू, चावताना भरून येणारा जबडा किंवा क्षणभर अंधारणारी नजर, या तक्रारी वार्धक्याच्या नावावर खपवू नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.